रेडिओच्या डब्याला कॉइन कशाला चिकटवता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विकेंद्रित तंत्रज्ञानावर अख्खं पान होतं, त्यात मेश रेडिओ (टॉवरशिवाय एकमेकांचे निरोप पुढे ढकलणारे छोटे रेडिओ) आणि क्रिप्टो एकाच चौकटीत घातलेत, जणू काही जुळी भावंडं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी काही तज्ज्ञ नाही, चिपळूणला मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे माझं, पण गेली तीन-चार वर्षं हे दोन्ही उद्योग करून बघितलेत, त्यामुळे थोडं बोललं तर चालेल असं वाटतं.

सुरुवात झाली 22 जुलै 2021 ला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा लाईट गेली, मग मोबाईलची रेंज गेली, आणि माझी मावशी बाजारपेठेत, आम्ही मार्कंडीत, एरवी चालत जायचं अंतर, पण दोन दिवस ती माळ्यावर आहे की कुठे आहे काही कळायला मार्ग नव्हता. (होती शेजाऱ्यांच्या माळ्यावर, पारले-जी खाऊन, वर आम्हालाच ओरडली की एवढी काळजी कसली करता.) तेव्हापासून डोक्यात किडा होता की टॉवर नसताना चार शब्द पलीकडे पोचवायचे कसे.

तर ते मेशटॅस्टिक म्हणून मिळालं. 2020 साली सुरू झालेला ओपन सोर्स प्रकल्प आहे, फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर, फुकट. लोरा (कमी पॉवरमध्ये लांब पोचणारा रेडिओ) चिपवाला एक छोटा बोर्ड घ्यायचा, त्यात ते फर्मवेअर भरायचं, ब्लूटूथने फोनला जोडायचा, की तुमचा मेसेज रेडिओवरून जातो, वाटेत दुसऱ्याचा बोर्ड असेल तर तो ऐकून पुढे ढकलतो, डिफॉल्टला असे तीन हॉप, म्हणजे टप्पे. सिम नाही, रिचार्ज नाही. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी पॉवरच्या यंत्रांना विनापरवाना मोकळा आहे, मर्यादा 1 वॉटची, आणि माझा बोर्ड जास्तीत जास्त दीडशे मिलिवॅटच्या आसपास टाकतो. हे आकडे समोरच्या काकूंना तोंडपाठ करून सांगावे लागले कारण त्यांना वाटलं मी गच्चीवर टॉवर लावतोय.

पहिला नोड, म्हणजे असा एक बोर्ड, गच्चीवर पीव्हीसी जंक्शन बॉक्समध्ये बसवला, दुसरा मित्राच्या घरी परशुरामला, तिथून सगळं चिपळूण खाली दिसतं, त्यामुळे मधे कुठे अडत नाही. पहिल्या पावसात माझा नोड बंद पडला. म्हटलं पाणी गेलं असणार, केबल ग्लँडला एमसील लावलं होतं तरी, उघडून बघतो तर आत पाण्याचा थेंब नाही, मुंग्यांनी अंडी घातलेली, बॅटरीच्या होल्डरपर्यंत रांग. कोकणात रेडिओ लावायचा म्हणजे लक्ष्मणरेषेचा खडू आधी घ्यायचा हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

अजून एक गंमत जी आपल्या मराठी लोकांनाच कळेल. एका मेसेजला साधारण दोनशे बाइटची जागा, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, काना-मात्रा-हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे नुसतं 'नमस्कार' लिहिलंत की 21 बाइट गेले. पुरात कोण नमस्कार करत बसणारे, पण 'दुसऱ्या मजल्यावर आहोत, पाणी वाढतंय' एवढं लिहिलं की जवळजवळ निम्मी जागा संपली. आता आम्ही मित्रमंडळींनी आपसात आकडे ठरवलेत, 1 म्हणजे ठीक आहे, 2 म्हणजे होडी पाठवा, असं.

आता क्रिप्टोकडे येतो. लोराच्याच जोरावर 2019 ला अमेरिकेत हेलियम नावाचं नेटवर्क सुरू झालं, त्यात तुम्ही घरी डबा लावायचा, आजूबाजूच्या सेन्सरना कव्हरेज द्यायचं आणि बदल्यात कॉइन मिळवायचं. कल्पना वाईट नाही, उलट फार हुशार आहे. माझ्या पुण्याच्या मावसभावाने 2021 च्या शेवटी, म्हणजे कॉइनचा भाव पन्नास डॉलरच्या वर होता तेव्हा, असला डबा घेतला आणि कुठे लावला तर बाल्कनीत, समोर बारा मजली इमारत. अँटेनाला भिंत दिसत होती फक्त. चूक त्याचीच, मी सांगितलं होतं. 2022 संपता संपता भाव तीन डॉलरच्याही खाली आला आणि डबा माझ्याकडे आला, 'तुला काय करायचं ते कर' म्हणून. आतला रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, दुकानात वापरतोय, त्याने वर घेतलेली फायबरची अँटेना होती ती मात्र सोन्यासारखी निघाली कारण फ्रिक्वेन्सी तीच, ती आता परशुरामला उभी आहे.

पण ह्यात तुमच्या लेखकाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की तो कॉइनवाला डबा मेश नव्हताच. डबा डब्याशी बोलून निरोप पुढे नेत नाही, प्रत्येकाला मागे ब्रॉडबँड लागतं. ब्रॉडबँड गेलं की कॉइन देणारा डबा म्हणजे दाराला अडसर. आणि लोक अँटेना कुठे लावतात, तर बक्षीस जिथे जास्त तिथे, पुराचं पाणी जिथे शिरतं तिथे कशाला लावतील? मावशीच्या गल्लीत कोणी लावला नसता.

तरी खाज म्हणून मी एक प्रयोग केला, मेशवरून बिटकॉइन पाठवायचा. टेस्टनेटवर, म्हणजे लुटुपुटूच्या पैशांवर, खऱ्यावर करायची आपली टाप नाही. एक साधा व्यवहार सव्वादोनशे बाइटच्या आसपास असतो, पण तो मेसेजमध्ये टाईप करायचा तर हेक्समध्ये, म्हणजे एका बाइटला दोन अक्षरं अशा पद्धतीत, होतो दुप्पट, म्हणून तीन तुकडे केले. डिफॉल्ट सेटिंगला एवढा तुकडा हवेत जायला सेकंदभर तरी लागतोच, आणि प्रत्येक हॉपला तो वेळ परत, तोपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. मधला तुकडा दोनदा गळला, तिसऱ्यांदा आला तर पलीकडच्या मित्राने कॉपी करताना शेवटचं अक्षर सोडलं, नेटवर्कने व्यवहार फेकून दिला. रात्री साडेअकराला एकदाचा गेला, दोघं येड्यासारखे ओरडलो. एक मानायला हवं, पाठवणाऱ्याची डिजिटल सही आधीच झालेली असते त्यामुळे वाटेत कोणी ऐकलं तरी रक्कम किंवा पत्ता बदलू शकत नाही, हे डोकं ज्यांनी लावलं त्यांना सलाम. पण शेवटी मित्राकडे इंटरनेट होतं म्हणून गेला ना. दोन्हीकडे नेट नसेल तर दुकानदाराला कसं कळणार की हेच पैसे मी सकाळी दुसऱ्याला दिलेले नाहीत?

अशा वेळी कामाला येतो तो विश्वास. पुरानंतर पंधरा दिवस आमच्या नाक्यावरच्या वाण्याने सगळ्यांना उधार दिलं. त्याची वहीसुद्धा भिजून लगदा झाली होती, जुनी उधारी लोकांनी आपणहून सांगितली. सगळ्यांनी खरी सांगितली असं नाही, त्याला माहिती आहे कोणी नाही सांगितली ते, अजून टोमणे मारतो. पण दुकान चाललं.

टॅक्सचं तर विचारूच नका. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या फायद्यावर सरसकट 30 टक्के, वजावट फक्त खरेदीच्या किमतीची, म्हणजे डब्याने वर्षभर खाल्लेलं लाईटबिल तुमच्या खिशातून, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वळता करता येत नाही, शिवाय जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसची भानगड. मावसभावाची कमाई काही शे रुपये आणि सीएने रिटर्न भरायचे घेतले त्याहून जास्त. रेडिओवर मी 'जेवलास का' विचारलं तर त्याचं कुठलं शेड्यूल भरावं लागत नाही.

म्हणून विनंती, आमच्या छंदाला त्या पंगतीत बसवू नका. क्रिप्टो म्हटलं की लोक एकतर हात पुढे करतात नाहीतर दार लावतात, आणि दोन्ही आम्हाला परवडत नाही. परवा एका शाळेत नोड लावू का विचारायला गेलो तर सरांचा पहिला प्रश्न, 'ह्यात गुंतवणूक किती करायची?' तुमचा लेख टेबलावरच होता त्यांच्या. लेखात मेशवरचे मेसेज 'पूर्ण गुप्त' असंही लिहिलंय, तेही दुरुस्त करा, डिफॉल्ट चॅनलची किल्ली, म्हणजे मेसेज उलगडायचा पासवर्ड, सगळ्या जगाला माहिती असते, स्वतःचा चॅनल केल्याशिवाय खाजगी काही बोलू नये.

आणि पत्र छापणार असाल तर एवढं एक राहू द्या. चिपळुणात उंचावर पाण्याच्या टाक्या आहेत, शाळांच्या गच्च्या आहेत, तिथे तळहाताएवढा सोलर पॅनल आणि एक डबा बसला तर शहराचा सखल भाग बराचसा जोडता येईल. डबा माझा, अँटेना माझी, बॅटरी बदलायला वर चढणारा मी, मुंग्यांचा खडूपण मीच आणतो. पावसाच्या आधी कोणीतरी शिडीच्या कुलपाची किल्ली तेवढी द्या.

आपला,
एक वाचक, चिपळूण