वाईट वाटलं म्हणून काय झालं?

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, गणिताचा एम-टू पेपर राहिला त्यापेक्षा मला सारखं रडू येतं, त्याचीच जास्त लाज वाटते." तेच डोक्यात घोळतंय.

अरे, विषय राहिला की वाईट वाटणारच. पण वाईट वाटल्याचंही वाईट वाटून घेतलंस, तर एका दुःखाची दोन होतात. ब्रेट फोर्ड आणि आयरिस मॉस या मानसशास्त्रज्ञांच्या २०१८च्या अभ्यासात हेच दिसलं: नकोशा भावनांना नावं न ठेवता ज्यांनी त्या येऊ दिल्या, त्यांना पुढे मनाचा त्रास कमी झाला.

बाबांचंच बघ. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि आपल्या श्रीवर्धनच्या वाडीतल्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. बाबा पडवीत बसून ढसाढसा रडले. कोणीतरी म्हणालं, बापयाने असं रडायचं का! आजीने त्याला तिथेच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी बाबा कोयता घेऊन उतरले. आधी फक्त विहिरीपर्यंतची वाट मोकळी केली. मग पाट. मग एकेक खोड तोडून बाजूला. रोपं लावायला घेतली तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात, हे ठाऊक असूनही.

"तू हुशार आहेस, जमेल तुला," असं मी शंभरदा म्हणेन, पण त्याने फार काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ सालीच लिहून ठेवलंय, की स्वतःवरचा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तुझ्यासाठी फार मोलाची. छातीत धडधडलं की माणूस त्याचा अर्थ 'मला येत नाही' असा लावतो. तू नेमकं हेच करतोस. धडधड ही भीतीची आहे रे, तुझ्या गणिताची परीक्षा तिने घेतलेली नाही.

तेव्हा या आठवड्यात एकच धडा घे. रडू आलं तर रड, तोंड धू, पुन्हा बस. झोप आणि जेवण उडालं असेल तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. नाहीतर १४४१६ला फोन लाव, ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. रविवारी मला कळव, कुठला धडा घेतलास ते.

तुझी,
आई