'आग आग' म्हणून ओरडलं कोण?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'युद्ध पेटलेलं असताना माणसाने तोंड सांभाळावं, भरल्या थिएटरात आग आग म्हणून ओरडायचं स्वातंत्र्य कुणालाच नसतं,' असं तू ठणकावून लिहिलं आहेस. हा थिएटरचा दाखला हल्ली जो तो देतो. पण तो आला कुठून?

१९१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी तो दिला. खटल्यात ना थिएटर होतं, ना आग. चार्ल्स शेंक या समाजवाद्याने सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटली होती, एवढंच. त्याची शिक्षा कायम झाली. आठवड्याभराने त्याच न्यायालयाने समाजवादी नेता युजीन डेब्जची दहा वर्षांची शिक्षा कायम केली, तीही एका युद्धविरोधी भाषणापायी. गडी १९२० मध्ये तुरुंगातूनच राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि नऊ लाखांवर मतं घेऊन गेला! पुढे १९६९ मध्ये याच न्यायालयाने कसोटी कडक केली: बोलण्याचा हेतू तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हवा आणि ते घडण्याची शक्यताही हवी, तरच शिक्षा. म्हणजे तुझा दाखला त्याच्या माहेरीच मोडीत निघाला.

जुनं उकरतोय म्हणशील, तर मार्च २०२२ मधलं सांगतो. मॉस्कोतल्या एका प्रभाग परिषदेच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला. अलेक्सेई गोरिनोव हा सदस्य म्हणाला, युक्रेनमध्ये मुलं मरताहेत, आपण स्पर्धा कसल्या घेताय? सैन्याविषयी खोटी माहिती पसरवल्याच्या आरोपाखाली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

आता धर्माकडे ये. पाकिस्तानात पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी ईशनिंदेच्या आरोपात फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती बाईसाठी दयेची मागणी केली, ईशनिंदेचा कायदा बदला म्हटलं. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्याला न्यायालयात आणलं तेव्हा त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळणारे कोण होते? वकील! कायद्याचं खाणारी माणसं. तासीर यांनी धर्माबद्दल वावगा शब्द काढला नव्हता, प्रश्न कायद्याला केला होता. गोरिनोवने तरी सैन्याला कुठे शिवी दिली? अपमान झाला की नाही हे जो दुखावला तोच ठरवणार, शिक्षाही तोच सुनावणार, मग आरोपीने बोलायचं तरी काय?

तुझ्या बाजूने भक्कम दाखला हवा असेल तर थिएटर सोड आणि रवांडा घे. १९९४ च्या नरसंहारात तिथलं एक रेडिओ केंद्र तुत्सी या अल्पसंख्य जमातीला झुरळं म्हणत होतं, कोण कुठे लपलंय ते नावानिशी सांगत होतं, आणि कोयते घेतलेली माणसं रेडिओ ऐकत हिंडत होती. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या प्रचारामागच्या लोकांना दोषी ठरवलं. ते बरोबरच झालं. तिथे शब्द म्हणजे मत नव्हतं, पत्ता होता. पण गंमत बघ, चिथावणी देणारे बहुधा सत्तेच्या मांडीवर बसलेले असतात आणि चिथावणीचे कायदे लागतात ते समोरच्याला. दुसऱ्याच्या देवाचं व्यंगचित्र आलं की यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवतं; आपल्या सेनापतीचं आलं की भावना दुखावतात. यात डावे-उजवे, आस्तिक-नास्तिक सगळे आले.

डेन्मार्कबद्दल मात्र माझंच मत अजून पक्कं होत नाही. त्यांनी २०१७ मध्ये ईशनिंदेचा कायदा रद्द केला आणि २०२३ च्या डिसेंबरात धर्मग्रंथांची जाहीर विटंबना गुन्हा ठरवली, कारण कुराण जाळण्याच्या प्रकारांनंतर हल्ल्याचा धोका वाढला होता. सरकारने माणसं वाचवली म्हणावं, की धमकी देणाऱ्यांपुढे नमतं घेतलं म्हणावं? पोथी जाळणाऱ्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. तरी धमकी दिली की कायदा बदलतो हे एकदा कळलं, की पुढची धमकी द्यायला कितीसा वेळ लागतो? तुला यावर काय वाटतं ते सविस्तर लिही. थिएटर न आणता.

तुझाच,
भांडखोर मित्र