बासरीच्या सरांबद्दल

प्रिय दोस्ता,

फोनवर हे नीट सांगणं होत नाही म्हणून लिहून राहिलो. आमची पोरगी बासरी शिकायला जाते ते तुले माहीतच आहे, पण सर शिकवतात कसे ते एकदा येऊन पाय बे. सुरुवातीला बासरी हातातच देत नाहीत, मोबाईलवर तानपुरा लावून नुसता सा लावायचा, मग गळ्यात सरगम बसली की बासरी, आणि त्यातही पयले तीन भोकं बंद करून एकच सा, दम पुरेल तेवढा लांब. गावात लोक बोलतात की एवढे महिने झाले तरी पोट्ट्यांना एक गाणं येत नाही. मले मात्र हेच पटते, काहून की बासरीला ना पेटीसारख्या पट्ट्या ना सतारीसारखे पडदे, शुद्ध म काढायला वरचं भोक अर्धंच उघडायचं, आता अर्धं म्हणजे किती हे कानच सांगणार ना!

सर गोवारी समाजातले. वडील गावाची गुरं राखायचे, दिवाळीतल्या गायगोधनाला बासरी वाजवायचे, ते ऐकतच हे वाढले. पुढे एसटीत कंडक्टर झाले अन् सुट्टीच्या दिवशी नागपूरला गुरुजींकडे शिकायला. बासरीवादक पन्नालाल घोषांचा विषय निघाला की तासभर बोलतात, ती ३२ इंची मोठी बासरी त्यांनीच शास्त्रीय संगीतात आणली म्हणून. अन् कोणाचे आईवडील घाई करायला लागले की बासरीवाले हरिप्रसाद चौरसियांचं सांगतात, नाव झालेलं असूनही गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकताना बासरी दुसऱ्या बाजूला धरून सारं पयलेपासून सुरू केलं त्यांनी.

मे महिन्यात तर कमालच केली. एकच बासरी सकाळी गारव्यात अन् दुपारी तापल्यावर तानपुऱ्यासोबत वाजवून दाखवली, दुपारी सूर चढलेला, अन् तो आमच्या पोरीला बरोबर ऐकू आला! मले फार आनंद झाला गड्या.

आता तुझ्याकडं एक काम. आपल्याकडचा मानवेल बांबू जाड अन् भरीव, त्याची बासरी काही जमत नाही, लांब पेराचा पातळ बांबू आसामकडून येतो. तर पुण्यात लहान हाताला जमेल अशी सी मीडियम, म्हणजे सी सुराची मधल्या आकाराची बासरी पाहून ठेव. घ्यायच्या आधी दुकानातच कोणाकडून तरी वाजवून घे, तानपुऱ्याच्या ॲपवर सा अन् प दोन्ही जुळले तरच घेजो, नाहीतर राहू दे, दुसऱ्या दुकानात पाय. पैसे फोनपे करतो.

वहिनींना नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच दोस्त