समुपदेशकाचा वार ठरवून द्या: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दसरा-दिवाळी झाली की इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, त्या मार्च-एप्रिलात परततात. धाकटी लेकरं सोबत कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जातात. नववी-दहावीची मागे राहतात, आजीकडे नाहीतर वसतिगृहात. बोर्डाची परीक्षाही याच दिवसांत.

वसतिगृहानं जेवणाची सोय होते, ते श्रेय शासनाला द्यायलाच हवं. पण गेल्या हंगामात नववीतल्या एका मुलाच्या वहीत, निबंधाखाली, पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं: 'मी नसतो तर पप्पांना एवढी उचल घ्यावी लागली नसती.' उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. विचारलं तर म्हणाला, "काही नाही मॅडम, असंच." यापुढे काय बोलायचं ते बी.एड.ला शिकवलं नव्हतं, आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणानं ते येणारही नाही. बाप उसाच्या फडात, फोन लागला तर रात्री. पालकसभेला आजी येते, अंगठा देते आणि "गुणी हाय वो लेकरू" म्हणून जाते.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. मागे ठेवायची धास्ती, म्हणून दहावीच्या आतच लग्न उरकतात. 'मला नको' हे तिनं सांगायचं कुणाला?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आम्ही फळ्यावर लिहून ठेवलाय. पण घरात खोली एक, फोन एक, आणि शेजारी आजी बसलेली. त्या फोनवर पोरगं काय बोलणार?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. आमच्या भागात एका शाळेत 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहेही. आत पोषण आहाराची पोती.

म्हणून मागणी एवढीच: हंगामभर शाळांच्या प्रत्येक केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) एक पात्र समुपदेशक, शाळेच्या वेळेत, ठरलेल्या वारी, दार लोटता येईल अशा खोलीत. भरती लांबणार असेल तर निदान जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाचा वार बांधून द्या. आणि आदेश टोळ्या हलायच्या आत काढा. दिवाळीनंतर निघालेला कागद शाळेत पोचेतो कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपच संपतं.

आपली,
एक शिक्षिका, जिल्हा बीड