पेरणीआधी शिवारातला पाऊस मोजा

संपादक महोदय,

हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलेले असते, तेव्हा त्या विभागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर तो अपेक्षित असतो. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे 76 टक्के किंवा त्याहून अधिक. बातमीत मात्र ‘जिल्ह्यात पाऊस’ एवढेच उरते आणि त्या भरवशावर पेरलेले सोयाबीन पुढच्या उघडिपीत करपते.

पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस हवा, पण तो आपल्या शिवारात पडलेला. जूनच्या सरी बांधाच्या अलीकडे कोसळतात, पलीकडे धूळ उडत असते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्राचा आकडा तिथे पुरत नाही. सपाट बुडाची, सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी घ्यावी, गळा आवळलेली नको. आत जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. बरणीची रुंदी कितीही असो. बादली चालत नाही, कारण तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने आकडा फुगतो. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर बरणी ठेवावी. रोज सकाळी साडेआठला मोजून ओतून टाकावी.

एका रात्रीत धो-धो आलेले पाणी बरेचसे वाहून जाते, म्हणून खुरप्याने उकरून ओल वीतभर खाली गेली का, हेही पाहावे.

आपल्या दैनिकाने जूनभर मंडळनिहाय पाऊस मिलिमीटरमध्ये छापावा आणि अंदाजातले मूळ शब्द बदलू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, परभणी