आरनची प्रदक्षिणा

नागपूर,
२० जानेवारी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. 'आरनच्या सायकलफेरीतला सगळ्यात उंच चढ जेमतेम २०० मीटरचा, आपण सिंहगड चढणारे, एका दिवसात उरकू' असं तू लिहिलंस. नाही रे भाऊ. इतके दिवस स्कॉटलंडच्या त्या बेटाचा नकाशा पुढ्यात पसरून बसलोय, आणि माझं मत पक्कं झालंय. फेरी दोन दिवसांची करायची, ब्रोडिक या बंदराच्या गावाहून निघायचं, आणि प्रदक्षिणेच्या दिशेनं जायचं, म्हणजे बेट उजव्या हाताला. हट्ट म्हणून नाही सांगत. काहून ते वाच.

सिंहगडाला तू एकदा चढतोस, वर झुणका-भाकर खातोस आणि एकदा उतरतोस. आरनच्या दक्षिणेला तसं नाही. ब्रोडिकचा किनारा सोडला की चढ, उतरला की लॅमलॅश. पुन्हा चढ, पुन्हा उतार, मग व्हाइटिंग बे. पुढे रस्ता समुद्रापासून उंच जातो, आणि लॅगला ओढ्यासाठी तळाशी घालून परत वर काढतो. कमावलेली उंची दर खेपेला हातची जाते. ९० किलोमीटरच्या फेरीत अशा चढांची बेरीज हजार मीटरच्या वर जाते. तुझं लक्ष सगळ्यात उंच बिंदूवर आहे, माझं या बेरजेवर.

आणि बेरीज मोबाइलवरच्या ॲपला विचारू नकोस. डोंगर रस्त्याला खेटून असला की त्यांचा हिशेब शेजारच्या उतारावर घसरतो आणि सपाट रस्त्यालाही चढ चिकटवतो, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यांवर आकडा फुगतो. मी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, ६९ क्रमांकाचा नकाशा घेतलाय. त्यात दर १० मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, आहे. रस्ता किती रेषा ओलांडतो ते पेन्सिलीनं मोजायचं. रस्त्यावर बाणाची एक खूण दिसली तर चढ १४ ते २० टक्क्यांचा, दोन दिसल्या तर त्याहून खडा. संध्याकाळी जेवण आटोपलं की मी हेच करत बसतो, आणि मला यात अतोनात आनंद होतो.

आता दिशा. तिथेही आपल्यासारखं डावीकडून चालायचं. बेट उजवीकडे ठेवलं की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच बाजूला, मध्ये गाड्या नाहीत. थांबायचं झालं तर रस्ता ओलांडायला नको. पण खरं कारण वारा. तिकडे वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. आपण दक्षिणेचा चढउतार सकाळी, पाय ताजे असताना, तोंडावर वारा घेत संपवू. पश्चिम किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वळलो की तोच वारा पाठीशी येईल. शेवटी सॅनॉक्सहून ब्रोडिकला दक्षिणेकडे परतताना ८७४ मीटरचा गोट फेल आणि त्याच्या शेजारची शिखरं बराच वारा अडवतील. उलट्या दिशेनं गेलो तर पश्चिम किनाऱ्यावर, जिथं आडोसा नाही तिथं, तासन्‌तास वाऱ्याशी झुंजावं लागेल.

पश्चिमेचा तो रस्ता इतका सपाट कसा, याचं उत्तर मला फार आवडलं. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याखाली तिथली जमीन दबली होती. बर्फ वितळल्यावर ती हळूहळू वर उचलली गेली आणि समुद्राचा जुना किनारा पाण्याच्या वर येऊन पट्टीसारखा राहिला. रस्ता बराचसा त्याच पट्टीवरून जातो. मॅक्रीपासून पिर्नमिल, कॅटाकोल करत लॉक्रान्झापर्यंत उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी, आणि चाकाखाली समुद्राचा जुना काठ.

मॅक्रीला मात्र सायकल लावून आत चालत जायचंच. माळावर कांस्ययुगाच्या आसपासची शिलावर्तुळं आहेत. काही दगड पाच मीटरहून उंच. तुला आठवतं, काटोल रोडनं जुनापाणीला गेलो होतो? तिथली वर्तुळं लोहयुगातली, दगड बुटके, आणि ती दफनाच्या जागेभोवती रचलेली. काळ वेगळा, माणसं वेगळी, एकमेकांशी संबंध नाही. तरी माळावर दगड गोलाकार मांडावेसे दोन्हीकडच्या माणसांना वाटले. जुनापाणीच्या माणसानं मॅक्री न बघता परतावं, हे मला सहन होणार नाही. एका दिवसाची फेरी नको म्हणण्यात याचाही वाटा आहे.

पहिला मुक्काम लॉक्रान्झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या न्यूटन पॉइंटच्या पुढे चालत जाऊ. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन १७८७ साली इथं आला होता. उभे कललेले जुने थर आणि त्यांच्यावर वेगळ्याच कोनात बसलेले नवे थर त्यानं पाहिले. खालचे थर तयार व्हायचे, कलायचे, झिजायचे, मग वरचे साचायचे, याला केवढा काळ लागला असेल! पृथ्वीचं वय लोकांना वाटतं त्याहून अफाट असावं, या त्याच्या विचाराला अशाच जागांनी बळ दिलं.

मग बोगिलीचा चढ. हाच तुझा २०० मीटरवाला. चारेक किलोमीटर, सुरुवातीला दरीतून सौम्य, मग नेटाचा. वरून सॅनॉक्सला उतरलं की कॉरीमार्गे ब्रोडिक. लॉक्रान्झापासून सगळं मिळून तेवीसेक किलोमीटर, म्हणून दुसऱ्या दिवशी घाई नाही. पहिल्या दिवशी पाऊस झोडपू लागला तर ब्लॅकवॉटरफूटहून बेटाच्या मधून जाणारा 'स्ट्रिंग' रस्ता ब्रोडिकला परत नेतो. त्यालाही २०० मीटरच्या वर चढ आहे, पण सुटकेची वाट म्हणून ती ध्यानात ठेवू.

गिअरचं ऐक. सायकल आणि सामान धरून ९० किलो मानले, तर तासाला ५०० मीटर उंची चढायला फक्त वजन उचलण्यासाठीच सव्वाशे वॅट लागतात. ८ टक्क्यांच्या चढावर हा वेग ताशी सव्वासहा किलोमीटर होतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले, तर मिनिटाला पॅडल फक्त ५० वेळा फिरेल; गुडघे दुखतील. पुढे ३०, मागे ३६ केलं की तेच ६० होतं. म्हणून पुढची दातेरी चकती आणि मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, दोन्ही बदल. टायर ३२ मिलिमीटरचे घे, तिथले रस्ते गुळगुळीत नाहीत.

सराव मी रामटेकला करतोय. गडाचा मोटाररस्ता चढायचा, उतरायचा, लगेच पुन्हा चढायचा, आरनच्या दक्षिणेसारखंच. चिखलदऱ्याचा लांबलचक घाट मला फार प्रिय, पण या फेरीला त्याचा उपयोग कमी. तूही सिंहगड एकदा चढून घरी जाऊ नकोस. एखादा छोटा, खडा चढ शोध आणि त्याच्यावरच खेपा घाल.

महिना मे. तिकडे तो वर्षातल्या कोरड्या महिन्यांपैकी. चावणाऱ्या बारीक माशांचा उपद्रव उन्हाळा सुरू झाल्यावर वाढतो, त्याआधी आपण परत. रात्री नऊनंतरही उजेड असतो. इकडे नवतपा लागायच्या आधी जायचं म्हणजे पारा पंचेचाळिशीकडे आणि तिकडे दुपारी पंधराच्या आसपास. लोकरीची बनियन आणि पावसाळी जाकीट विसरू नकोस. जोराच्या वाऱ्यात बेटाच्या बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवलाय. व्हिसाची कागदपत्रं या महिन्यात जमव. बँकेचं विवरणपत्र आणि रजेचं पत्र दोन्ही लागतील.

नकाशाची प्रत टपालानं पाठवतोय. माझ्या पेन्सिलीच्या खुणा तपास आणि जिथं पटत नाही तिथं लाल रेघ मारून परत पाठव. काकूंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
शेखर