पणत्यांवर फवारणी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात येऊरच्या जंगलाचे पावसाळी फोटो आले होते, त्यात एका कुजक्या फांदीवर उगवलेल्या गुलाबी वाट्यांचा फोटो होता. फोटो झकासच, पण खाली ओळ काय तर 'झाडांचे जीव घेणारी बुरशी'. आता ही एक ओळ छापून तुम्ही मोकळे झालात, पण तिचं पुढे काय झालं ते सांगायला हे पत्र लिहितोय.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच वादळी पावसात गुलमोहर पडला. पडणारच होता, कारण पेव्हर ब्लॉक पार बुंध्याला चिकटवलेले आणि त्याच्या आदल्या वर्षी पाइपलाइन टाकताना एका बाजूची मुळं सगळी छाटलेली, झाड एका पायावर उभं होतं म्हणा ना. त्याचे दोन-तीन ओंडके मागच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी तसेच राहिले, संध्याकाळी पोरं त्यावर बसायची. यंदा जुलैत लागून पाऊस झाला आणि त्यातल्या एका ओंडक्यावर त्याच गुलाबी वाट्या आल्या. पोरांनी त्यांना नाव ठेवलं 'पणत्या', आणि खरंच तसंच दिसतं, दिवाळीच्या पणतीपेक्षा लहान, खाली बारीक दांडा, बाहेरून पांढरट केस आणि आत पावसाच्या पाण्याचा एक थेंब.

मग तुमचा फोटो ग्रुपवर आला. 'फंगस स्प्रेड होतोय, मुलांना लांब ठेवा', 'बाकीची झाडं पण जाणार', 'गुलमोहर यानेच पडला बहुतेक'. दुसऱ्या दिवशी कमिटीने पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, त्याने निळसर पाणी मारलं, ओंडक्यांवर तर मारलंच पण शेजारच्या कंपोस्टच्या खड्ड्यात पण मारलं, आणि परवा टेम्पो येऊन ओंडके घेऊन गेला. ते निळं म्हणजे तांब्याचं औषध असतं, पानांवरच्या रोगाला शेतकरी वापरतात, त्याच्या जागी ते ठीकच आहे, पण तांबं काही कुजत नाही, मातीत तसंच राहतं आणि गांडुळांना सोसत नाही. म्हणजे ज्या खड्ड्यात आम्ही तीन वर्षं खपून खत केलं तिथे आता गांडूळ राहील की नाही देव जाणे.

मी बॉटनी घेऊन बीएस्सी केलंय, नंतर बँकेत लागलो ते वेगळं. पण जर्नलमध्ये पेझिझा नावाच्या वाटीसारख्या बुरशीचा उभा छेद काढून सरांची सही घेतलेली अजून आठवते, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तर मुद्दा एवढाच की गुलमोहर आधी पडला, मेला, दोन पावसाळे कुजला, आणि मग या पणत्या आल्या. मयताला खांदा द्यायला आलेल्या माणसालाच खुनी म्हणून धरून द्यावं तसं आपण केलं. या बुरशीचं नाव कुकेइना, एम. सी. कुक नावाच्या इंग्रज बुरशीतज्ज्ञावरून ठेवलेलं, लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये आणि नंतर क्यू इथल्या वनस्पती-बागेत त्यांची नोकरी. ही उष्ण प्रदेशातली बुरशी, मेलेल्या फांद्या नि लाकूड हेच तिचं जेवण. जिवंत झाडाच्या वाटेला ती जात नाही.

आपल्याला जी पणती दिसते ते त्या बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले पांढरे धागे, ते आपले पाचक रस लाकडात सोडतात, लाकूड बाहेरच पचवतात आणि मग शोषून घेतात. आपण आधी खातो मग पचवतो, यांचं उलटं. त्या लाकडात अडकलेलं नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे असं मोकळं होऊन मातीत येतं. येऊरला मे महिन्यात गेलात तर साग-ऐनाचा पाला पायाखाली पापडासारखा वाजतो, आणि तिथेच दिवाळीत जा, निम्म्याच्या वर पाला गायब आणि खाली काळी ओली माती. वाळवी, गांडुळं, पैसाकिडे, छत्रीवाल्या बुरशा, सगळ्यांचा हात असतो त्यात, पण पणत्यांचाही असतो. तिथे सफाई खातं नाही की गोण्या नाहीत, तरी वर्षाचा पाला वर्षात उरकला जातो.

एक गंमत सांगतो, ज्यांना पटत नाही त्यांनी करून बघा. पूर्ण वाढलेल्या वाटीवर हलकी फुंकर मारायची आणि दोन सेकंद थांबायचं. वाटीतून धूर निघतो, खरोखर उदबत्तीसारखा, आणि मोठी वाटी असेल, आजूबाजूला शांत असेल, तर कान जवळ नेल्यावर बारीक 'फुस्स' पण ऐकू येतं. वाटीच्या आतल्या अस्तरात हजारो बारीक नळ्या उभ्या असतात, एकेका नळीत साधारण आठ बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी म्हणा, आणि आत पाण्याचं प्रेशर. हवा जरा हलली की नळ्यांची झाकणं उघडतात आणि आतले बीजाणू सगळे एकदम उडतात. एकदम का, तर एकटा बीजाणू इतका हलका की काही मिलिमीटर जाऊन हवेतच अडकतो, पण हजारो एकत्र सुटले की स्वतःचाच वारा तयार होतो आणि त्या वाऱ्यावर मागचे कित्येक सेंटिमीटर वर जातात. ठाणे स्टेशनला सकाळी आठच्या फास्टमध्ये आपण स्वतः कुठे चढतो, मागचा रेटाच आत नेतो, तसंच. आमच्या वॉचमन काकांना हे दाखवलं तर ते पुढचे दोन दिवस येईल त्या प्रत्येकाला फुंकर मारून दाखवत होते, कुरिअरवाल्याला सुद्धा.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर म्हणाल हा गृहस्थ बुरशीचा वकीलच झाला. या वाटीवाल्यांच्या मोठ्या गोतावळ्यात खरे दरोडेखोर आहेत, आणि एक मी डोळ्यांनी बघितलाय. नोकरीत असताना तीन वर्षं राजस्थानात अलवरकडे बदली होती, पीककर्जाच्या कामाला शेतावर जावं लागायचं. जानेवारीत मोहरीचं पिवळं शेत आणि मध्येच वाळून पांढरी पडलेली झाडं. शेतकऱ्याने एक खोड उभं चिरून दाखवलं, आत कापसासारखं पांढरं आणि त्यात उंदराच्या लेंड्यांसारखे काळे कडक दाणे. तिकडे त्याला 'तना गलन' म्हणतात. करणारी बुरशी स्क्लेरोटिनिया, चारशेच्या वर जातींच्या झाडांना लागते, त्यात मोहरी, सूर्यफूल, घेवडा, हरभरा सगळे आले. ते काळे दाणे मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि थंडीत ओल मिळाली की त्यातून येतात काय, तर नखाएवढ्या तपकिरी वाट्या! दिसायला अगदी निरुपद्रवी, त्यातून तसाच धूर निघतो, बीजाणू मोहरीच्या गळून खोडाला चिकटलेल्या पाकळ्यांवर बसतात, आधी त्या मेलेल्या पाकळ्या खातात, अंगात ताकद आली की मग जिवंत खोडात शिरतात. म्हणजे सुरुवात सफाईवाल्यासारखीच आणि पुढे घरात घुसतो. त्या शेतकऱ्याचा हप्ता त्या वर्षी थकला, मी नोटिशीवर सही केली होती, ते अजून डोक्यात आहे.

महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या डब्यात दोन दिवसांत राखाडी लव येते ना, ती बहुतेकदा बोट्रायटिस, या स्क्लेरोटिनियाचीच चुलत बहीण.

आणि एक तर अशी आहे की माहेरी गरीब गाय आणि सासरी वाघीण. युरोपात अ‍ॅश नावाची झाडं आहेत, त्यांच्या मरीचा रोग 1992 मध्ये पोलंडमध्ये पहिल्यांदा दिसला आणि 2012 मध्ये ब्रिटनमध्ये सापडला. करणारी हायमेनोस्किफस नावाची बुरशी, पांढऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या वाट्या, त्या येतात जमिनीवर पडलेल्या गेल्या वर्षीच्या पानांच्या देठांवर. ही मूळची पूर्व आशियातली, तिथल्या अ‍ॅशच्या पानांवर ती गुपचूप राहते आणि पान गळलं की ते कुजवते, झाडाला फारसा त्रास नाही. युरोपातल्या झाडांची तिच्याशी कधी ओळखच नव्हती, ती मरायला लागली. त्यामुळे तिकडे पार्कातला पडलेला पाला गोळा करा असंच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. उद्या आमच्या कमिटीतलं कुणी हे वाचून म्हणेल बघा, तिकडे पण पाला उचलतात. उचलतात हो, पण कुठली बुरशी, कुठल्या झाडावर, हे बघून उचलतात, ग्रुपवरचा फोटो बघून नाही.

रायझिना नावाची तर चहाशी भानगड आहे. ब्रिटनमध्ये पाइनच्या लागवडीत काम करणारे मजूर चहासाठी शेकोटी पेटवायचे, जमिनीतले तिचे बीजाणू त्या उष्णतेने जागे व्हायचे आणि आजूबाजूच्या रोपांच्या मुळांना लागायचे, मग विझलेल्या शेकोटीभोवती गोलात रोपं मेलेली. फॉरेस्टवाल्यांनी तिला नावच टी-ब्रेक बुरशी दिलं. येऊरला पाइन नाहीत त्यामुळे ही भीती नाही, पण म्हणून तिथे चुली पेटवा असं नाही, वणवे कसे लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घरातल्या वाट्यांबद्दलही लिहितो कारण ठाण्यात लिकेज नाही असं घर दाखवा. आम्ही आधी कोपरीला राहायचो, वरच्यांचा संडास आमच्या बाथरूमच्या भिंतीत झिरपायचा, दोन वर्षं भांडण. एका पावसाळ्यात टाइल्सच्या फटीतून ओल्या कानासारखी तपकिरी वाटी बाहेर आली. बायको किंचाळली, मी मात्र खूश, कारण इतक्या वर्षांनी पेझिझा भेटली! ओल्या प्लास्टरवर, कुजक्या प्लायवर येणारी ही एक ठरलेली जात आहे, तिचं शास्त्रीय नावच पेझिझा डोमिसिलियाना, म्हणजे बाई डोमिसाइल सर्टिफिकेट घेऊनच आलेली. तिच्यावर फिनेल ओतून काही होत नाही, चार दिवसांनी परत हजर. पाणी थांबवा, ती आपोआप जाते. आमची वाटी मी फोटो काढून वरच्यांना दाखवली आणि जे सोसायटीच्या तीन पत्रांनी झालं नव्हतं ते झालं, आठवड्यात प्लंबर आला.

कुंडीत कोकोपीटवर छोट्या घरट्यासारखी बुरशी आणि त्यात अंडी दिसली तर ती मात्र या गोतावळ्यातली नाही, ती छत्र्यांच्या बाजूची. पावसाचा थेंब पडला की अंडं उडतं. तीही निरुपद्रवीच. उलट या वाट्यांच्या खऱ्या नात्यात काश्मीरची गुच्छी ही खायची बुरशी आहे, जी लग्नाच्या पुलावात घालतात आणि जिचा भाव ऐकून घाम फुटतो. पण म्हणून रानात दिसेल ती वाटी खाऊ नका कृपा करून, गुच्छी पण कच्ची खाल्ली तर बाधते.

मग घाबरायचं कशाला? उभ्या, जिवंत झाडाच्या बुंध्यापाशी लाकडी फळीसारखी कडक, चकचकीत तपकिरी बुरशी बाहेर आलेली दिसली तर घाबरा. ती गॅनोडर्मा, ती आतून मुळं आणि बुंधा पोखरते आणि वरून पानं हिरवीगार दिसत असताना झाड गाडीवर येतं. ती दिसली की महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा, झाड तपासून घ्या. आमच्याकडे गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाला ती दोन वर्षं आहे, मी तीनदा मीटिंगमध्ये बोललो, बजेट नाही म्हणाले. फवारणीला बजेट होतं. त्या झाडाखाली व्हिजिटर पार्किंग आहे.

संपादकसाहेब, तेवढी फोटोखालची ओळ दुरुस्त करून एकदा छापा, कारण छापील कात्रण दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी ऐकत नाही. पत्र लांबलंय, कुठेही कापा, पण गॅनोडर्माचा भाग कापू नका. आणि माझं नाव छापू नका. टेम्पो यायच्या आधी वॉचमन काकांनी ओंडक्याचा एक तुकडा काढून ठेवला होता, तो सध्या आमच्या बाल्कनीत पारिजातकाच्या कुंडीमागे आहे, खालच्या अंगाला औषध लागलं नव्हतं आणि काल सकाळी तिथून दोन नवीन पणत्या आल्यात.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)